सोडियमची सोयरीक आणि अकोल्याचे पाहुणे

राजापेठ, अमरावती
सोमवार

चि. वामन यास,

मनकर्णाताईचा पोटभर आशीर्वाद. तुझा गुडघा, सुभद्रेची कंबर आणि वांग्यावरची अळी, या तिघांचं कसं काय चाललंय ते आधी कळव. इकडे आम्ही आत्या-भाची खुशाल आहोत. काल फोनवर तू म्हणालास, "पाहुने येऊन गेले ना? जमलं का नाही ते येका शब्दात सांग." अरे, एका शब्दात मावलं असतं तर सांगितलं नसतं का? आणि फोनवर तू मला बोलू देतोस कुठे? माझं वाक्य सुरू व्हायच्या आत तुझं उत्तर तयार. पत्रात मधे तोंड घालता येत नाही, म्हणून हे दर्यापूरच्या जीपवाल्याच्या हाती पाठवते आहे. बसून वाच, आणि शेवटचं पान आधी उघडू नकोस.

तू मला इथं दोन कामांसाठी पाठवलंस. एक, शिकवणीसाठी आलेल्या प्रतीक्षाला दोन वेळा रांधून घालायचं. दुसरं, अकोल्याची सोयरीक पक्की करायची. ती झाली की वैशाखात लग्न, आणि डॉक्टरकीच्या प्रवेशाची ती मे महिन्यातली परीक्षा गेली उडत (हे तुझेच शब्द, मी पदरचं काही घातलेलं नाही). पहिलं काम मला सोपं वाटलं होतं. पण तुझ्या पोरीची अभ्यासाची तऱ्हाच वेगळी. समोर ऐकणारं माणूस असल्याशिवाय तिच्या डोक्यात काही उतरत नाही. त्यामुळे मी कणीक मळते आणि ती मला पेशी सांगते. पेशीत केंद्रक असतं, ते घरातल्या कर्त्यासारखं सगळ्यांना हुकूम सोडतं. तंतुकणिका असतात, त्या अन्न जाळून पेशीला शक्ती पुरवतात. हे ऐकता ऐकता माझी पोळी तव्यावर कोळसा झाली, तर ही म्हणते, "आत्याबाई, तुमी तं प्रात्यक्षिकच करून राहिल्या."

पेशीचं एकवेळ ठीक, पण रसायनशास्त्राशी तिचं काही केल्या पटेना. कोणतं मूलद्रव्य कोणाशी जुळतं, कशासाठी जुळतं, याच्या पायी एक दिवस पुस्तक मिटून चक्क रडायला बसली. मी म्हटलं, अगं, जुळवण्याचं मला विचार! अर्ध्या दर्यापूर तालुक्याच्या सोयरिकी मी जमवल्या (त्यातल्या दोन-चार सोडल्या तर सगळ्या सुखात आहेत). सांग, कोणाच्या घरी काय आहे? तर म्हणे, सोडियमच्या सगळ्यात बाहेरच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन, आणि तो कधी एकदा जातो असं त्याला झालेलं. क्लोरीनकडे सात, आठवा मिळाला की घर भरलं. मी कपाळाला हात लावला. एकाला द्यायची घाई, दुसऱ्याला हवाच आहे. याहून सोपी सोयरीक मी जन्मात पाहिली नाही! दोघांचं जमलं की झालं मीठ. मग आम्ही सगळ्यांचीच घरं लावून टाकली. ऑक्सिजनच्या घरी दोन जागा रिकाम्या, म्हणून दोन हायड्रोजन, दोन्ही कार्यं एकाच मांडवात. कार्बन कोणाला धड देत नाही, कोणाचं धड घेत नाही, सगळं सामायिक, चार हातांचं एकत्र कुटुंब. निऑनच्या घरी आठ आधीच भरलेले, म्हणून तो कोणाच्या लग्नाला जात नाही आणि कोणाला बोलावत नाही (आपल्यातही असे आहेत, नावं घेत नाही). पुढच्या चाचणीआधी सरांनी वर्गात विचारलं, सोडियम आणि क्लोरीन का जुळतात? ही उभी राहून म्हणाली, दोन्हीकडची पसंती असते म्हणून. वर्ग हसला, सरही हसले, पण पेपरात तिने इलेक्ट्रॉनचा हिशेब अचूक मांडला.

आता पाहुण्यांचं. इंदूबाई, त्यांचा कुलदीप आणि त्याची बहीण भावना असे तिघं आले. मी पोरीला साडी नेसवली, पोहे केले आणि बजावलं, विचारतील तेवढंच बोल, पुस्तकातलं काही काढू नकोस. इंदूबाई मुरलेल्या बाई. नाव-गाव झाल्यावर त्यांनी ठेवणीतला प्रश्न काढला, "पोरी, कोशिंबिरीत मीठ कवा टाकतं तू?" यावर मुलीने "वाढताना" म्हणायचं आणि खाली बघायचं, अशी रीत. प्रतीक्षाने वर बघितलं. म्हणाली, वाढताना, कारण आधी टाकलं तर बाहेर खार जास्त होतो, मग कांद्या-काकडीच्या पेशीतलं पाणी पटलातून बाहेर येतं, ते पटल पाण्याला वाट देतं आणि बाकीच्या बऱ्याच गोष्टी अडवतं, याला परासरण म्हणतात. इंदूबाईंचा चमचा हवेतच राहिला. "जलमभर मीठ मागून टाकून राहिली, पन काहून टाकतो ते आज समजलं."

वामन, मी आजवर किती मुलींना पाहुण्यांपुढे बसवलं असेल. उत्तर देताना मान वर असलेली ही पहिली. मला इतका अभिमान वाटला की पसंतीचं विचारायचंच राहून गेलं. आणि ते विचारायला सवडही मिळाली नाही. कारण भावना (तीही हीच परीक्षा देणार आहे, हे आम्हाला कोणी सांगितलं होतं?) एकदम सतरंजीच्या त्या टोकावरून या टोकाला आली. "थांब, हे मले कोनं असं सांगतलंच नाही. पुन्हा सांग." मग कांदा चिरला, मीठ लावलं, दोघी ताटलीवर वाकून बसल्या. तिथून मनुका पाण्यात का फुगतात, तिथून हरितलवक, तिथून कुठल्या कुठे. कुलदीपने एक शब्द न बोलता तीन बशा पोहे खाल्ले. मुलगा स्वभावाने गरीब आहे. संध्याकाळी इंदूबाईंनी भावनाला हाक मारली, तर ती उठेना. घरी अभ्यास होत नाही म्हणाली, दर आठवड्याला तिलाही कोणीतरी बघायला येतं. आईने लेकीला "राह्य मंग इथंच" म्हटलं आणि पिशवी उचलली. तर असं आहे. मुलगी पाहायला आले आणि स्वतःची मुलगी ठेवून गेले.

सुभद्रेला आशीर्वाद. गुडघ्याला शेक दे.

तुझी
मनकर्णाताई

ता. क. : तुरीची डाळ आणि गहू आता तिघींच्या हिशेबाने पाठव. भावना दणकून जेवते.

ता. क. दुसरा : तू विचारलंस ते राहिलंच. त्यांना मुलगी पसंत आहे. बसमध्ये चढताना इंदूबाईंनी तसं सांगितलं. मी म्हटलं, आमचं परीक्षेनंतर कळवू. मुलीला मुलगा पसंत आहे का, ते तिला अजून कोणी विचारलेलं नाही.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच : तोवर तू परस्पर "हो" म्हणू नकोस. प्रत्येक सोयरिकीत मी मुलीकडच्यांनाच निरोपाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं पाहिलं. या वेळी त्यांना बसू दे. तुला राहवणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून सुभद्रेशी आधीच बोलून ठेवलंय. ती म्हणाली, "ताई, तुमी पोरीकडे पाहा, यायले मी पाहतो."