पाणी मऊ करायचं मशीन

गंधार,

चिठ्ठी मुद्दाम तुझ्या हेल्मेटमध्ये ठेवलीय. फ्रिजवर लावली असती तर ईशानीने वाचली असती. मी लोधिवलीला मावशीकडे निघालेय, दोन-चार दिवस राहीन.

पाणी मऊ करायचं मशीन बसवू का, म्हणून परवापासून डोकं खातोयस, तर ऐक. आपलं बोअरचं पाणी जड आहे, हे खरंच. गीझरची कॉइल पुन्हा गेली, डाळ शिजत नाही, नळांवर पांढरे थर चढलेत. मशीनने ते थांबेल. पण त्यात सारखं मीठ भरत बसावं लागेल, आणि मशीन धुतलं की निघणारं खारट पाणी माझ्या अळवात सोडलंस तर बघ. पिण्याचा नळ त्यातून वगळ, मला बीपी आहे.

बसव बाबा. पण ईशानीचे केस गळतात म्हणून बसवत असशील तर थांब जरा. महिनाभर माहेरी राहून आली, तिथलं पाणी चांगलं आहे, तरी केस गळतच होते. पाण्याची टेस्ट तू दोनदा करून आणलीस. तिला एकदा तरी काही विचारलंस का?

तुम्ही दोघंच घरात असावं, म्हणून मी निघालेय. टाकी लवकर रिकामी होते म्हणून तू ओरडतोस ना? सकाळी ती बाथरूममध्ये गेली की नळ कितीतरी वेळ चालू असतो, पण तांब्याचा आवाज येत नाही. बाहेर येते तेव्हा डोळे लाल असतात, आणि दोरीवर टाकते तो टॉवेल कोरडाच असतो.

आई