काम क्रमांक सत्तावीस: आईला कळवणे

प्रिय ठके,

शनिवार, चौदा सप्टेंबर, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. वेळ मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे उद्या ‘आई, तुझा काहीतरी गैरसमज झाला’ म्हणायला तू मोकळी राहणार नाहीस. त्या क्षणी तुझे यजमान माझ्या झोपायच्या खोलीत गुडघे टेकून माझ्या कपाटाची रुंदी मोजत होते. वीस मिनिटांपूर्वी ‘सहज इकडून चाललो होतो’ म्हणत आले होते. तीन तासांचा प्रवास करून कुणी सहज चाललेलं नसतं, पण मी चहा टाकला. कप घेऊन खोलीच्या दारात गेले, तर हे दृश्य. मी विचारलं, “काय शोधताय?” तर म्हणाले, “काही नाही आई, पाल दिसली.” पाल मोजपट्टीने पकडतात हे मला बहात्तर वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. बिचाऱ्यांनी चहा उभ्याउभ्या घशात ओतला, जीभ भाजून घेतली आणि पळाले. पळताना तुझी चार पानं माझ्या फ्रिजवर विसरले. खोटं बोलणं हा त्यांचा प्रांत नाही, आणि नेमकं तेच काम तू त्यांच्यावर सोपवलंस. माणूस बघून काम द्यावं, हे मी तुला शिकवलं होतं असा माझा समज होता.

वर ठळक अक्षरात ‘आईचं स्थलांतर’. खाली एकेचाळीस कामं. प्रत्येकापुढे तारीख, लागणारा वेळ आणि चार रकाने: करणार कोण, जबाबदारी कोणाची, विचारायचं कोणाला, कळवायचं कोणाला. सगळं वाचायला मला दोन तास लागले. मी नीट वाचते.

आधी जे चांगलं आहे ते सांगते, कारण आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या की चुका दाखवण्याआधी वहीचं कव्हर तरी स्वच्छ आहे म्हणावं. आराखडा चोख आहे. कोणत्या कामावाचून कोणतं काम अडेल हे तू बरोबर हेरलं आहेस. टेलिफोनची जोडणी सामान हलवण्याच्या आधी, तुझ्या घरातल्या माझ्या खोलीचा रंग त्याच्याही आधी, आणि रंगाचा वास जायला पाच दिवस मोकळे. ते पाच दिवस बघून, रागात होते तरी, मी मान डोलावली. नव्वद टक्के लोक रंग लावतात आणि वास विसरतात. तुझ्या कचेरीत तुला बढती का मिळाली ते कळलं.

पण मग मी काम क्रमांक सत्तावीसवर आले. ‘आईला कळवणे.’ लागणारा वेळ: अर्धा तास. करणार: जावईबापू. म्हणजे तू स्वतःसुद्धा नाहीस! हे सत्ताविसावं काम. एकोणिसावं काम आहे माझ्या घराला भाडेकरू बघणे, चोविसावं ट्रक ठरवणे. ट्रकवाल्याला माझ्याआधी कळणार की मी चालले. अठ्ठाविसावं आहे आईचे चहाचे कप गुंडाळणे, त्याला चार तास. कपांना चार तास आणि मला अर्धा! कप फुटतील याची तुला माझ्यापेक्षा जास्त काळजी दिसते. आणि तुझा दादा! ‘विचारायचं’ या रकान्यात दादा सतरा वेळा. अकरा वर्षं समुद्रापलीकडे बसलेला हा मुलगा, इथे राहत होता तेव्हाही ह्या घरात मीठ कुठे असतं हे त्याला माहीत नव्हतं, त्याला माझ्या पलंगाची जागा विचारायची. मी ‘विचारायचं’मध्ये एकदाही नाही. ‘कळवायचं’मध्ये एकदा. तेही पेन्सिलने.

ठके, मी अठ्ठावीस वर्षं दवाखाने उभे केले, एकही वीट न उचलता. साइटवरचे इंजिनिअर मला तोंडावर विचारायचे, “बाई, तुम्ही नक्की करता काय?” मी सांगायचे, “तुम्हा सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावते, कारण तुमच्या तुम्ही बोलाल तर फक्त भांडाल.” प्लंबर म्हणायचा भिंत झाल्याशिवाय पाइप टाकता येत नाही, गवंडी म्हणायचा पाइप टाकल्याशिवाय भिंत घेत नाही, आणि दोघंही ‘आधी ह्याला विचारा’ म्हणून एकमेकांकडे बोट दाखवून बिडी ओढत बसायचे. त्या दोन बोटांच्या मधली जागा म्हणजे माझी नोकरी. पहिल्या दिवशी रिकाम्या भूखंडावर उभं राहायचं आणि शेवटच्या दिवशी किल्ली हातात द्यायची, मधल्या दोन-तीन वर्षांत कुणाचं कुणावाचून अडलं आहे ते बघत राहायचं. कौतुकाच्या भाषणात आमचं नाव नसतं. अडलं की मात्र पहिलं आमचंच.

लहान मुलांच्या वॉर्डाची गोष्ट मी तुला शंभरदा सांगितली असेल. एकशे एकाव्यांदा ऐक, कारण शंभर वेळा ऐकून काही शिरलेलं दिसत नाही. चौसष्ट खाटांचा मजला. आर्किटेक्टची सही झाली, इंजिनिअरची झाली, तीन मोठ्या डॉक्टरांची झाली. उद्घाटनाला आठ दिवस उरलेले. फरशी पुसणाऱ्या मावशी माझ्या टेबलापाशी आल्या, पदराला हात पुसत म्हणाल्या, “बाई, रागावू नका, पण बादली कुठं भरायची?” मी त्यांच्याबरोबर वर गेले. सगळे नळ चकचकीत, कमरेएवढ्या उंचीच्या बेसिनवर. चौसष्ट खाटांच्या मजल्यावर बादली खाली ठेवता येईल असा एक नळ नव्हता. मी मावशींना म्हटलं, “आधी का नाही सांगितलंत?” त्या म्हणाल्या, “आधी कुणी विचारलं?” मला पुढे जे काही येत गेलं त्यातलं निम्मं त्या तीन शब्दांतून आलं. नवी फरशी फोडून मोरी केली, उद्घाटन बारा दिवस पुढे गेलं आणि मी साहेबांची बोलणी खाल्ली. त्यानंतर माझ्या प्रत्येक कामात पहिली सही, नकाशा कागदावर असतानाच, त्या जागेत जो रोज राबणार किंवा राहणार त्याची. साहेब लोक हसले. “आता काय झाडूवाल्यांना विचारून दवाखाने बांधायचे?” म्हणाले. मी म्हटलं, “हो. तुम्ही वर्षातून एकदा फीत कापायला येता, त्या रोज येतात.” पुढच्या बावीस वर्षांत मी एकही फरशी दुसऱ्यांदा फोडली नाही.

आणि तू हे सगळं जेवणाच्या टेबलावर बघत मोठी झालीस. माझा तक्ता टेबलभर पसरलेला असायचा. कामांचे पट्टे रंगवायचं काम तुझं, पाया तपकिरी, पाणी निळं, वीज पिवळी. तुझे बाबा ताट मांडीवर घेऊन खिडकीत जेवायचे आणि म्हणायचे, “या घरात दवाखान्याला जागा आहे, मला नाही.” नऊ वर्षांची होतीस. एक दिवस खडू थांबवून तू मला विचारलंस, “आई, काम संपलं हे कोण ठरवतं?” मी म्हटलं, “ज्याच्यासाठी केलं, तो.” तू मान हलवलीस आणि वीज पिवळी करत राहिलीस. मला वाटलं, पोरीला कळलं. तेव्हा कळलंही असेल. मधे चाळिशी आली आणि मोठ्या कचेरीतली खुर्ची आली.

तुझी बाजू मला दिसत नाही असं समजू नकोस. तुला वाटलं, आईला विचारलं तर ती नाही म्हणेल. बरोबर वाटलं. मी नाही म्हटलंच असतं, वर दोन तास ऐकवलं असतं. पण जो नाही म्हणेल त्यालाच सगळ्यात आधी विचारायचं असतं, कारण ते ‘नाही’ पहिल्या आठवड्यात ऐकलं तर कागद बदलतो, शेवटच्या आठवड्यात ऐकलं तर भिंत फोडावी लागते. तू माझं कपाट मोजायला माणूस पाठवलास. तुझ्या घराच्या बोळाचं वळण मोजलंस का? तिथं तुझं स्वतःचं टेबल अडकलं होतं आणि पाय कापून आत न्यावं लागलं होतं. कुणालाही विचारायच्या आधी ठरवलेल्या कामात अशीच वळणं राहून जातात.

बाकी तुझं पहिलं पान. ‘कारण: आईचे गुडघे.’ इथे मला तुझी चूक दाखवताना माझीही सांगावी लागणार, म्हणून चार ओळी इकडेतिकडे घालवते आहे. जूनमध्ये मी जिन्यावरून पडले, तुला फोनवर म्हटलं चप्पल सुटली. तू दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांची यादी पाठवलीस. त्या यादीतल्या एकाकडेही मी गेले नाही. मे महिन्यात तुझ्या लेकीने चित्र पाठवलं, मी फोनवर म्हटलं, “काय गोड मांजर काढलंयस गं!” ती म्हणाली, “आजी, तो घोडा आहे.” तू मागून हसलीस आणि मीही हसले. विणायच्या सुया मी शेजारणीला देऊन टाकल्या, विणून कंटाळा आला असं तिला सांगितलं. ती शेजारीण, निवृत्त नर्स, रोज सकाळी येऊन मला वर्तमानपत्र वाचून दाखवते. तिला मी सांगितलं आहे की मला तिचा आवाज आवडतो. तिचा आवाज करवतीसारखा आहे. ती नर्स आहे, तिला सगळं कळलं आहे, पण ती बिचारी मी सांगेपर्यंत विचारणार नाही. तुम्हा सगळ्यांपेक्षा तीच शहाणी.

तर आता, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. माझे गुडघे ठणठणीत आहेत. ती पायरी मला दिसली नाही. जूनपासून मी तीनदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे एकटी जाऊन आले. नजरेचा मधला भाग विझत चालला आहे. कडा राहतील, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं दिसणार नाही. उजवा डोळा गेल्यात जमा आहे, डावा इंजेक्शनांवर तग धरून आहे. मी डॉक्टरांना म्हटलं, तारीख द्या. ते म्हणाले, “आजी, ह्याला तारीख नसते.” मी म्हटलं, “माझे ठेकेदारही हेच म्हणायचे. अंदाज द्या.” तेव्हा त्यांनी नाक खाजवत सांगितलं, वर्षअखेरपर्यंत बरं जाईल, पुढचं हातात नाही. म्हणजे ठके, तुझी सामान हलवायची तीस नोव्हेंबर ही तारीख चुकीची आहे, आणि चूक उशिराची आहे. मी येते आहे. ट्रक बारा ऑक्टोबरला हवा. मला तुझं घर अजून दिसतं आहे तोवर डोळ्यांनी पाठ करायचं आहे, दिव्याची बटणं कुठे, बोळात वळण किती पावलांवर, गॅसचं कोणतं बटण कोणत्या शेगडीचं. आंधळेपणी नव्या घरात आणलेली म्हातारी म्हणजे खुर्चीत ठेवलेलं सामान, आणि ते मी होणार नाही. तुझी लेक पुढे कितीही उंच झाली तरी तिचं आत्ताचं तोंड मला रोज जवळून, भरपूर उजेडात बघायचं आहे, सुट्टीच्या सुट्टीला नाही. हे मी फोनवर सांगू शकले नसते, माझा आवाज त्या कामाला उपयोगी पडला नसता. आजपासून या प्रकल्पाची जबाबदारी माझी. तू माझ्या हाताखाली आहेस, दादाला नुसतं कळवलं जाईल. आराखडा दुरुस्त कर, पहिली सही माझ्यासाठी मोकळी ठेव, आणि बुधवार, पंचवीस सप्टेंबर, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर मिळालं पाहिजे. फोन केलास तर उचलणार नाही, जावईबापूंना पाठवलंस तर दारातून परत पाठवीन. दोन ओळी लिही, पण तुझ्या हाताने लिही. आणि अक्षर मोठं काढ, ते पत्र मला शेजारणीकडून वाचून घ्यायचं नाही.

तुझीच,
भांडून झाल्यावर सामान बांधायला बसलेली
आई