एकसंध निळा

केंट, ओहायो

प्रिय ट्रेंट,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून अलास्कातल्या तुझ्या मासेमारी कंपनीच्या पत्त्यावर लिहितेय. ‘पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस’ असं बाबा तुला म्हणाले होते, ते मी विसरलेले नाही. तरी तू घरी यावंस, एवढंच मला मागायचंय.

मी अजून त्याच द्रवस्फटिकांच्या मागे आहे. टीव्हीच्या पडद्यात असतात ते. पाण्यासारखे वाहतात, पण आतले रेणू शिस्तीत रचले जातात. साध्या काचेवर निववले की जो तो आपापली दिशा धरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली नुसती ठिगळं दिसतात. मी काचेवर डोळ्यांना न दिसणारे पट्टे उमटवते. ते नीट जमले तर अख्खा थेंब एकाच निळ्या स्फटिकात बसेल, अशी आशा होती. यातून जगाच्या उपयोगाचं काहीतरी होईल, असं मला खरंच वाटतं. हसू नकोस.

आई हसायची नाही. हॉस्पिटलात पडल्या पडल्या तिने मला विचारलं, “म्हणजे तू त्यांना ढकलत नाहीस?” म्हटलं, नाही, नुसती खालची जमीन आखून देते. “मग तुझ्या बापाला शिकव की! जन्मभर सगळ्यांना ढकलतच आलाय.” बाबा शेजारीच बसले होते. “मला ऐकू येतं हं, डोरीन.” “ऐकू यावं म्हणूनच बोलले.”

हो, हॉस्पिटलात. मार्चपासून. तुला कळवायचं नाही, असं तिनेच बजावलं होतं. “बोटीवर त्याचं लक्ष उडालं तर?” म्हणाली.

डॉक्टरांनी उपचार थांबवू म्हटलं, त्या दिवशी मी काच उलटी बसवली. पट्टे दिसत नाहीत, म्हणून आम्ही कोपऱ्यात एक अक्षर कोरतो. ते सुलटं वाचता आलं की बाजू बरोबर. मी पाहिलंच नाही. पुन्हा ठिगळंच ठिगळं. माझे मार्गदर्शक डॉ. हालवर्सन म्हणाले, “काय गं, आज काचेच्या पाठीला शिकवत होतीस?” मग माझा चेहरा पाहून त्यांनीच खुंटीवरचा माझा कोट काढून हातात दिला. “घरी जा, मुली.”

काल जमलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच निळा. फोटो घेऊन घरी धावले, तो बाबांना दाखवायला. आईला जाऊन काल आठ दिवस झाले, ट्रेंट. बाबांनी चष्मा लावून तो पाहिला. मग म्हणाले, “ती असती तर शेजारणीला बोलावून दाखवलं असतं.”

तिची राख अजून घरातच आहे. चर्चमधून फादर दोनदा विचारून गेले, राखेच्या कलशाचं दफन कधी करायचं म्हणून. “मुलगा यायचाय,” एवढंच म्हणून बाबा दार लावून घेतात. काल रात्री जेवण तसंच टाकून ते तुला लिहायला बसले. तुझं नाव लिहिलं, आणि पुढे काही सुचेना. शेवटी पेन माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “तू शिकलीस ना? मग त्याला सांग, मी चुकलो.”

तुझीच,
मार्लीन