न हलणारा आकडा

मंगळवार, ड्युटीवरून घरी आल्यावर

राग अजून उतरलेला नाही. पाचूबंदरहून आलेल्या एका बाईची मुलगी आज सकाळी जन्मली, पण रडली फार उशिरा. आमच्या नवजात विभागात आणल्यापासून तिच्या हृदयाचे ठोके एकाच आकड्यावर. टाचेला सुई टोचली, तरी आकडा हलला नाही. बाळाचे ठोके असे सपाट असतात का कधी?

ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "स्थिर आहेत, चांगलंच आहे की. सिस्टर, डॉक्टर तुम्ही आहात की मी?"

मी सरळ आमच्या विभागप्रमुख मोठ्या मॅडमना घरी फोन लावला. त्यांनी येऊन मेंदूच्या लहरी तपासल्या. बाहेरून न दिसणारे झटके येत होते. मेंदूला इजा झालीय. किती, ते कळायला वेळ लागेल. पण इजा वाढू नये म्हणून औषध आणि अंग थंड ठेवण्याचे उपचार वेळेत सुरू झाले.

दाराशी तिची आजी उभी होती. "बाय, पोर जगंल ना गो?"

खोटं बोलवेना. म्हटलं, "आजी, आम्ही तिला सोडणार नाही."

निघताना ड्युटीवरच्या त्या डॉक्टरांनी सुनावलं, "मला डावलल्याचा लेखी खुलासा उद्या द्या." देते ना! माफीचा एक शब्द नसेल त्यात. पुन्हा असं बाळ आलं, तर पुन्हा फोन करीन, हेही लिहीन. खाली सही, पूर्ण नावानिशी.