पुडीवरची भाकरी

शिरूर,
६ सप्टेंबर १९७३

प्रिय कालिंदी,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. छापील अहवाल, त्याच्यावर तुझं नाव, खाली बारीक अक्षरात माझं. कागद चांगला आहे, बांधणीही चांगली आहे. मी तो तीनदा वाचला. पहिल्यांदा हौसेनं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, तिसऱ्यांदा उभ्या उभ्या, कारण बसवेना. टाइप केलेली प्रत मे महिन्यातच जिल्ह्याच्या क्षयसमितीकडे गेली आणि मला दाखवायची राहून गेली, असं तू लिहितेस. राहून गेली! मीठ घालायचं राहून जावं तसं. पाच महिने मी एसटीनं आणि पायी शिरूर नि दौंड तालुक्यांतली क्षयाच्या रोग्यांची घरं पालथी घातली. आणि माझ्याच माणसांबद्दल मी काय म्हटलंय ते मला चार महिन्यांनी छापून कळलं.

पान चौदावर तू माझी भाकरी छापलीस. वर्तुळ, त्यात भाजल्याचे दोन डाग, शेजारी चंद्रकोर आणि एक टिंब. ‘निरक्षर रुग्णांसाठी सोपी व अभिनव सूचनापद्धती.’ ते वाचून माझा ऊर भरून यायला हवा होता, नाही का? गोळ्यांच्या पुडीवर मी ते चित्र काढायला लागले तेव्हा दवाखान्यात सगळ्यांना गंमत वाटली होती. रात्रीची भाकरी, मग गोळी. वाचता येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला सारखंच. कवठे येमाईचा म्हाळू शनिवारच्या बाजाराला आला की पुडी उलटीसुलटी करून म्हणायचा, “बाई, भाकर लई कोरडी दिसती. वाईच कालवण काढा की शेजारी. आन् कांदा.” मी एकदा खरंच कांदा काढून दिला. तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली आणि त्याची बायको साळूबाई माझ्यावरच डाफरली, “हसवू नगा ओ त्येला, फुप्फुस बाहीर यील.”

आता पान एकोणीस. ‘चाळीस टक्क्यांहून अधिक रुग्णांकडे महिनाअखेर गोळ्या शिल्लक आढळल्या. औषधाविषयीची ही बेफिकिरी अज्ञानातून व स्वभावातून येते.’ हे वाक्य माझं नाही. शिल्लक गोळ्या मी मोजल्या, हे खरं. पण स्वभाव? तू यातल्या किती जणांना भेटलीस, कालिंदी? एकदा जीपमधून आलीस, दुपारी तीनला परत गेलीस. उन्हानं तुझं डोकं चढलं होतं म्हणून मी तुला लिंबूसरबत करून दिलं. तेवढ्या वेळात तुला चाळीस टक्के लोकांचा स्वभाव कळला?

आपण अभ्यास कशाचा करणार होतो, ते तरी आठवतं का? कल्पना माझी होती. औषध पोचलं की नाही, हे सगळेच विचारतात. औषध घेणारा माणूस जगतो कसा, ते विचारू, असं मी तुला लिहिलं होतं. तुला ते फार आवडलं होतं. झोप लागते का, काम निभतं का, घरात पाण्याचा तांब्या वेगळा ठेवलाय का, शेजारी ओट्यावर बसू देतात का, लेक माहेरी येते का. असे बारा प्रश्न मी शाईनं लिहून पाठवले. नववा होता: काल किती वेळा जेवलात? तुझ्याकडून कागद परत आला तेव्हा नववा लाल पेन्सिलीनं काटलेला होता. समासात तुझं ठसठशीत अक्षर: ‘हा औषधशास्त्राचा प्रश्न नाही.’ उरलेले अकरा मी विचारले. ते तरी कुठे गेले? अहवालात एकही नाही. जगण्याचं कोष्टक होत नाही, असं तू म्हणालीस. मग गोळ्यांचं केलंस.

तुला हे माहीत नसेल असं धरून सांगते. तुझ्या पान एकोणीसमुळे जुलैपासून नवा नियम आला. औषधाचा तुटवडा आहे, तेव्हा ते खात्रीच्या रोग्यांनाच द्यायचं. सलग दोन महिने दहापेक्षा जास्त गोळ्या उरल्या की नाव कमी. आमच्या दोन तालुक्यांतली एक्केचाळीस नावं एका दुपारी कमी झाली. माझ्यासमोर, माझ्याच टेबलावर, माझ्याच मोजणीवरून. माल यादीप्रमाणे येतो, म्हणजे त्या एक्केचाळीस जणांसाठी आता माझ्या कपाटात एक गोळी नाही. डॉक्टरसाहेबांशी मी भांडले. ते म्हणाले, “बाई, मोजल्या तुम्हीच ना?”

एक्केचाळीसात म्हाळू होता. जुलैच्या तिसऱ्या शनिवारी आला, रिकाम्या हातानं गेला. जाताना म्हणाला, “असू द्या बाई. तुमचा जीव नगा खाऊ. माझ्याकडं थोड्या हायेत.” मला वाटलं, माझं मन राखायला म्हणतोय.

नागपंचमीनंतर आठ दिवसांनी तो गेला. मी कवठ्याला गेले तेव्हा साळूबाई दारातच बसली होती. रडणं संपलेलं होतं. उठून आत गेली, तंबाखूची पितळी डबी घेऊन आली आणि माझ्या हातावर उपडी केली. गोळ्या. तेवीस. एकीलाही ओल लागलेली नव्हती. म्हणाली, “बाई, त्यानं एक बी वाया घालवली न्हाई. दुस्काळी कामावर खडी फोडाय जायचा, तिथं सुकडी मिळायची, ती खायाचा. घरी भाकर असली तर गोळी. नसली तर डबीत. म्हनायचा, जवारी हाती यिऊ दे, मग बघ, रोज एक घेतो.” मी विचारलं, अहो, मग नुसती पाण्याबरोबर का नाही घेतली? तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच अडाणी. “तुमीच काढून दिलीती न्हवं भाकर? आधी भाकर, मग गोळी. तुमचं आईकलं त्यानं.”

तिच्या बोलण्यात ठपका नव्हता गं. ठपका असता तर बरं झालं असतं.

उपाशीपोटी घेतली असती तरी चाललं असतं. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. मळमळलं असतं, फार तर उलटी झाली असती. तेवढ्यासाठी आपण ‘जेवणानंतर’ म्हणतो. पुस्तकात तसं छापलंय आणि पुस्तक लिहिणाऱ्याला रोज जेवण आहे.

त्यानंतर चार रविवार मी तुझा काटलेला नववा प्रश्न घेऊन हिंडले. दौंडला आमच्या वस्तीतही गेले. चांगुणा तुला आठवेल, माझ्या धाकट्या बहिणीची मैत्रीण, तुझ्या जीपला हात लावून बघत होती ती. तिचंही नाव कमी झालंय. तीन लेकरं आहेत, खोकल्यात आता रक्त दिसतं. ती उन्हाळाभर कुरकुंभच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला होती. मी म्हटलं, चांगुणे, तिथं सुकडी मिळत होती, मग पोटात अन्न होतं की! तर म्हणाली, “आक्का, सुकडी म्हंजी काय जेवान व्हय? ते चालता चालता मुठीनं तोंडात टाकायचं. जेवान म्हंजी भाकर. आन् उपाशीपोटी औषीद म्हंजी इख, हे तुला कुनी सांगाय पायजे?”

कोणी सांगायला नको होतं. तेच तर! वडील लोकोशेडच्या कामावरून कमी झाले होते त्या वर्षी मला हिवताप होता. कोयनेलच्या गोळ्या घरात होत्या आणि आई त्या मला देत नव्हती. मडक्यात पीठ नव्हतं म्हणून. भाकरी होईल त्या दिवशी गोळी. आई हाच शब्द वापरायची, इख. चार वाटाणे, मूठभर चुरमुरे, याला आमच्याकडे कधी कोणी जेवण म्हटलं नाही. मी त्या घरात वाढले, कालिंदी. आणि वीस वर्षं वेळच्या वेळी जेवून मी ते विसरले. असं विसरले की पुडीवर भाकरी काढली आणि स्वतःचं कौतुक करून घेतलं. तुझ्यावर चिडले आहे, ते खरंच आहे, ते मी मागे घेणार नाही. पण या भाकरीवर आधी माझा हात आहे.

तरीही एक गोष्ट तुला विचारल्याशिवाय राहवत नाही. पुण्याला वसतिगृहातला माझा पहिला दिवस तुला आठवतो. आठवतोच, तू लग्नानंतरही तो सांगून लोकांना हसवायचीस. मी आठ पोळ्या खाल्ल्या होत्या. पंगतीतल्या मुली तोंडाला पदर लावून हसत होत्या, वाढणारी बाई बोटांवर मोजत होती. आणि तू तुझ्या ताटातली पोळी उचलून माझ्या ताटात टाकलीस. नववी. म्हणालीस, “द्वारके, नऊ हा शुभ आकडा. दहा म्हटलीस तर मात्र मी उपाशी.” त्या दिवसापासून मी तुझी आहे. पुण्यात माझी भूक पाहिलेलं तू एकटंच माणूस. म्हणून मला कळत नाही. ज्या बाईनं भूक इतक्या जवळून पाहिली, तिच्या हाताला नववा प्रश्न काटताना काहीच कसं वाटलं नाही? प्रश्नाचा आकडाही तोच होता गं.

असो. हिशेब ऐक. म्हाळू सोडून चाळीस. त्यांतल्या छत्तीस जणांनी भाकरी असेल त्या दिवशी एकदाही गोळी चुकवलेली नाही. दोघं कामासाठी परगावी होते. एकीच्या अंगावर गोळीनं पुरळ उठलं होतं, ते मी लिहून दिलं होतं, तू गाळलंस. आणि एक भैरू, तो खरोखर बेफिकीर आहे. तसं तो स्वतःच सांगतो, मिशीला पीळ देऊन. चाळीसात एक. तुझ्या पान एकोणीसचा स्वभाव तेवढा एकट्याचा.

पुडीवरचं चित्रही बदललंय. भाकरी पुसली, नुसता चंद्र ठेवला. तर चांगुणा म्हणाली, “आवसंला काय करायचं, आक्का?” मग दिवा काढला. कोणीतरी म्हणालं, घासलेट मिळालं तर. शेवटी साळूबाईनं निकाल लावला. नवऱ्याचा महिनाही झाला नव्हता आणि ती माझ्या टेबलाशी येऊन उभी होती, म्हणाली, “दिस काढा, दिस. दुस्काळात भाकर चुकली, पानी चुकलं, त्यो मेला कवा चुकलाय?” तेव्हा आता सूर्य काढते. दिवस उगवला की गोळी, पोटात असो नसो. मळमळलं तर मला येऊन शिव्या द्या, असं सांगते. चाळीस पुड्या तयार आहेत. रिकाम्या.

आता हे सगळं का लिहिते आहे ते. तुझं निमंत्रण आहे, वीस तारखेला समितीची बैठक, हाच नियम साऱ्या जिल्ह्याला लावायचा विचार आहे आणि अहवालाबद्दल आपल्या दोघींचा सत्कार. व्यासपीठावर तुझ्या शेजारी बस, पांढरी साडी नेस, असं प्रेमानं लिहिलंयस. मी बसणार नाही. येणार मात्र आहे. चांगुणाला घेऊन, पहिल्या एसटीनं. त्याआधी तू पान एकोणीस बदलायचंस. तुझ्या नावाला धक्का लागू नये म्हणून वाक्यही मीच लिहून देते: ‘गोळ्या उरल्या, कारण भाकरी नव्हती. पुडीवरची सूचना चुकीची होती व ती शिरूरच्या औषधनिर्मात्या द्वारका रणपिसे यांनी काढली होती. कमी केलेली नावं परत घ्यावीत.’ सगळा दोष माझ्या नावावर घाल, मी सही करून सोबत जोडली आहे. नोकरी गेली तर जाऊ दे. पण हे वाक्य वीस तारखेला तू वाच, तुझ्या तोंडानं. माझं तिथं कोण ऐकणार? वाचलं नाहीस तर मी उठेन आणि मग मला जे येईल ते बोलेन. पुड्या करताना सवयीनं मी एक्केचाळीस केल्या. एक्केचाळीसावी या पाकिटात आहे. रिकामी नाही, तिच्यात तेवीस गोळ्या आहेत. मोजून घे.

अजूनही तुझीच,
नवव्या पोळीची द्वारका