तिओनाच्या पांढऱ्या हिरड्या

झोंबा,
जूनचा दुसरा रविवार, चर्चहून परतल्यावर

आदरणीय अलामू ग्रेशम, माझे थोरले मेहुणे,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या अंगणात गेली चौतीस वर्षं आश्रयाला असलेल्या या घरजावयाचा गुडघे टेकून नमस्कार. तुम्ही बरे असाल तर आम्हीही बरे आहोत. (हे वाक्य तुमच्या वडिलांनी मला लग्नाच्या बोलणीच्या वेळी शिकवलं. तेव्हापासून खरं असो वा नसो, मी ते इमानाने लिहितो. आज ते साधारण निम्मं खरं आहे.) वहिनींचा खोकला कसा आहे? तुमचा डावा गुडघा? मुलांज्याला चिपेरोनी वाऱ्याची गार भुरभुर सुरू झाली असेल आणि तुम्ही दोन स्वेटरांवर कोट चढवून चुलीपुढे बसला असाल, तर तसेच बसून राहा, कारण पत्र जरा लांबणार आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही हसता, आणि तुमच्या हसण्याचे फोनचे युनिट माझे जातात. म्हणून हे पत्र मिनीबसवाल्या चिसालेच्या हाती देतोय. तो ते वाटेत वाचेल, पण त्याला माझं अक्षर लागत नाही.

गोष्ट आमच्या कुत्र्याची आहे. आठ वर्षांपूर्वी कुंपणावरच्या आंब्यावरून माझं आणि शेजारच्या सितोलो सुताराचं वाजलं होतं, ते तुम्हाला आठवत असेलच. (बुंधा आपल्या बाजूला, सावली आणि निम्मे आंबे त्याच्या बाजूला.) तुम्ही तेव्हा मुलांज्याहून येऊन, सगळ्यांचं ऐकून, झाड कुळाचं आहे, त्यात जावयाने तोंड घालू नये असा निवाडा दिलात आणि दोन कोंबड्या जेवून परत गेलात. मी तोंड घातलं नाही. मी एक पिल्लू आणलं आणि त्याचं नाव तिओना ठेवलं. 'बघून घेऊ.' रोज संध्याकाळी कुंपणाशी उभं राहून कुत्र्याला हाक मारायची; कुत्रा येतो आणि ज्याला ऐकू जायचं त्याला ऐकू जातं. शेजाऱ्याला टोमणा मारायची ही पद्धत आपल्याकडे जुनीच आहे, तिचा शोध मी लावलेला नाही. पुढच्याच वर्षी सितोलोने माझ्या कुत्र्याच्या दुप्पट आकाराचं एक धूड आणलं आणि त्याचं नाव ठेवलं म्वाओना. 'बघितलंत?' त्यानंतर सात वर्षं रोज साडेपाचला मी इकडून 'बघून घेऊ' ओरडतो, तो तिकडून 'बघितलंत?' ओरडतो, आणि गल्लीतल्या बाया त्यावर रात्रीच्या मकापिठाच्या नसिमाचं आधण ठेवतात. दोन्ही कुत्री मात्र कुंपणाच्या एकाच भोकात एकमेकांवर पाय टाकून झोपत आली आहेत. त्यांना कोणी काही सांगितलंच नाही.

तर एप्रिलच्या शेवटी तिओना जास्त झोपायला लागला. मी तुमच्या बहिणीला, डोरिकाला म्हटलं, वय झालं, आता तोही माझ्यासारखा निवृत्त झाला. मग तो पायरी चढताना थांबायला लागला. मी म्हटलं, मीही थांबतो. मग त्याने उसिपाची मुंडकी तशीच ठेवली, तेव्हा मी म्हटलं की मासे शिळे असतील. (मासे मीच आणले होते. स्वतःकडे इतका कमीपणा मी एरवी घेत नाही.) शेवटी डोरिकाने त्याचा ओठ उलटला, मला हाक मारली आणि सांगितलं की याच्या हिरड्या पिठासारख्या झाल्यात. मी लांबूनच म्हणालो की उजेड कमी आहे. भर दुपार होती.

अलामू, मी एकतीस वर्षं जिल्हा इस्पितळाच्या प्रयोगशाळेत फक्त रक्त बघितलं. तुमच्या निम्म्या नातलगांचं रक्त माझ्या नजरेखालून गेलंय. रक्त कमी झालेलं मूल मी आईच्या पाठीवर बांधलेलं, दारातून ओळखायचो. आणि माझ्याच पायाशी झोपलेल्या कुत्र्याचं रक्त महिनाभर आटत होतं आणि मी माशांना दोष देत होतो.

इथे शहाणा माणूस जनावरांच्या डॉक्टरकडे गेला असता. मी ट्रंकेतून जुना मायक्रोस्कोप काढला. (लिलावात घेतलेला, तुम्ही ज्याला 'निकामी दुर्बीण' म्हणता तो.) डोरिकाने कुत्रा धरला, मी कान टोचला, स्लाइड केली, बाटलीत उरलेला रंग घातला आणि डोळा लावला. काय सांगू, मला जिकडेतिकडे गोचीडतापाचे जंतू दिसले! इतके जंतू एका स्लाइडवर मी आयुष्यात पाहिले नव्हते, आणि याचंच मला आश्चर्य वाटायला हवं होतं. मी मोठ्या अक्षरात 'गोचीडताप, तीव्र' अशी चिठ्ठी लिहिली, खाली सही केली, सवयीने तारीखही घातली, आणि कुत्रा ढकलगाडीत घालून, चिठ्ठी आणि स्लाइड घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

तिथे डॉ. तमांडा न्यिरोंगो नावाची मुलगी आहे. आपल्या धाकट्या लेकीपेक्षाही लहान असेल. तिने माझी चिठ्ठी आदराने दोन्ही हातांनी घेतली, वाचली, स्लाइड लावली आणि ती सरकवून सरकवून पाहिली. मग अगदी हळू म्हणाली, "बाम्बो, हा रंगाचा साका आहे."

जुना रंग गाळून न घेता वापरला की त्याचे कण स्लाइडवर बसतात आणि अडाण्याला ते जंतू वाटतात. या एका चुकीसाठी मी एकतीस वर्षांत किती शिकाऊ पोरांना सर्वांदेखत उभं केलं, त्याची गणती नाही. एकाला तर मी सुतारकाम शिकायला जा म्हणालो होतो.

मग तिने तिचं काम केलं. निरोगी कुत्र्याच्या रक्तात शंभरात चाळीस भाग तरी लाल असतात, तिओनाचे तेरा निघाले. गोचीडताप नाही. पोटात जंत नाहीत. कुठे रक्तस्राव नाही. विष म्हणावं तर ते कोण घालणार. (मी कुंपणाकडे मान वळवणार होतो, पण डोरिकाने माझ्याकडे पाहिलं.) शेवटी तिने काचेवर रक्ताचा एक थेंब आणि मिठाच्या पाण्याचे काही थेंब मिसळून ती काच माझ्यापुढे धरली. लाल कण मोकळे व्हायचे सोडून भाजलेल्या कणसाच्या दाण्यांसारखे एकमेकांना चिकटून बसले होते. तिचं म्हणणं असं पडलं की अंगात जी फौज रोगाशी लढायला असते, ती याच्या बाबतीत बहुधा स्वतःच्याच रक्ताला शत्रू समजून मारत सुटली आहे. बहुधा. पक्कं सांगणारी तपासणी जोहान्सबर्गला होते आणि तिचा निकाल यायला वेळ लागेल. फौज बिथरली का, ते तिथेही कळेलच असं नाही. मी तिला विचारलं की आहे म्हणायचं की नाही म्हणायचं. मला आयुष्यभर या दोनच शब्दांची सवय. ती म्हणाली, शक्यता आहे. हा शब्द लिहायला आमच्या चिठ्ठीवर रकानाच नव्हता.

बातमी गल्लीत पोचायला मला घरी पोचण्याइतकाही वेळ लागला नाही. चर्चच्या वडीलमंडळींनी प्रार्थना सुचवली. कोपऱ्यावरच्या आजीने सांगितलं की घरातला कोणीतरी रात्री रक्त पितो, आणि ते सांगताना तिने माझ्या पोटाकडे पाहिलं. मी सगळ्यांना ती फौजेची गोष्ट समजावून सांगत होतो, तर डोरिका म्हणाली, यात न समजण्यासारखं काय आहे, घरचाच माणूस घरच्यांशी भांडत बसतो, आठ आठ वर्षं. मी विषय बदलला.

तिओनाला दवाखान्यातच ठेवून फौजेला आवरणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. पण त्यांचा गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि तेरावर कुत्रा तितका टिकणार नव्हता. मधला काळ काढायला दुसऱ्या कुत्र्याचं रक्त हवं होतं. मोठा, धडधाकट कुत्रा. मी गेल्या बुधवारी सकाळपासून झोंबा पालथा घातला. बेकरीवाल्याचा कुत्रा मोठा आहे, पण तो आधी माझं रक्त काढू पाहत होता. गिरणीवाल्याचा तयार होता, पण त्याच्याच अंगात रक्त नव्हतं. दुपारपर्यंत मी सगळीकडे जाऊन आलो. एका दारी सोडून.

शेवटी तिथेही गेलो. आठ वर्षांत पहिल्यांदा सितोलोच्या दारात उभं राहून 'ओडी', येऊ का, म्हणालो. तो पडवीत एका शवपेटीच्या झाकणावर रंधा मारत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"माझ्याकडे लोक माप घेऊन येतात," तो म्हणाला. "तुम्ही उभे आहात, म्हणजे तुमचं नाही. कुणाचं?"

मी सांगितलं की कुणाचंच नको आहे, म्हणूनच आलोय. मग सगळं सांगितलं. हिरड्या, तेरा, फौज, बाटलीभर रक्त. का कोण जाणे, रंगाच्या साक्याचंही सांगितलं; ते तर मी तुमच्या बहिणीलाही नीट सांगितलेलं नव्हतं. तो रंधा मारत राहिला. झाकण गुळगुळीत होऊन बराच वेळ झाला होता.

"म्हणजे माझ्या कुत्र्याचं रक्त तुमच्या कुत्र्यात."

"हो."

"मग पुढे तो कुणाच्या बाजूने भुंकणार?"

मला रडू यायला लागलं होतं, आणि त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने दुसऱ्याच्या पडवीत, तेही शवपेटीशेजारी रडलं की लोकांचा भलताच समज होतो. सितोलोने रंधा खाली ठेवला. हातावरचा भुसा झटकला. "दोन दिवस माझा कुत्रा जेवत नाही," तो म्हणाला. "त्या भोकाशी जाऊन बसतो. लोक काहीबाही सांगत होते, पण मला वाटलं तुम्ही तुमचा बांधून ठेवलाय." आणि त्याने म्वाओनाला हाक मारली, पण नेहमीसारखी कुंपणाकडे तोंड करून नाही.

दवाखान्यात डॉक्टर मुलीने दोन्ही कुत्र्यांचं रक्त जुळतं का ते पाहायचं काम माझ्याकडे दिलं. (तिच्याकडे दुसरा माणूस नव्हता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला तो मान वाटला.) मी नवा रंगबिंग काही न घेता, सगळं तीन तीनदा धुऊन, दोनदा पाहून मग सांगितलं की जुळतंय. सितोलो टेबलाशी म्वाओनाचं डोकं छातीशी धरून उभा होता आणि त्याच्या कानात काहीतरी गुणगुणत होता. ते धूड हललंसुद्धा नाही. मग पिशवी वर टांगली आणि थेंब सुरू झाले.

अलामू, इस्पितळात आमची खिडकी कमरेएवढ्या उंचीवर होती. चिठ्ठी बाहेर द्यायची, एक हात येऊन ती घेऊन जायचा. एकतीस वर्षं मी फक्त हात पाहिले, चिठ्ठी वाचताना माणसाचं काय होतं ते एकदाही पाहिलं नाही. त्या बुधवारी तीन तास मी बाकावर बसलो होतो आणि माझ्या शेजारी सितोलो बसला होता. तिओनाने एकदा डोळे उघडून शेपटी हलवली. कुणासाठी, ते ठरवायचा आम्ही दोघांनीही प्रयत्न केला नाही.

शुक्रवारी रक्त एकवीसवर आलं. गोळ्यांनी त्याला अशी भूक लागली आहे की त्याने मकापिठाची परात, डोरिकाचा एक लाकडी चमचा आणि भेटायला आलेल्या पाळकांच्या टोपीचा काठ खाल्ला. बादलीभर पाणी पितो आणि ते कुठे सोडतो ते विचारू नका. मी सध्या चपला घालून झोपतो. पण हिरड्यांवर थोडी गुलाबी झाक आली आहे. मी ती उजेडात नेऊन पाहिली आहे.

एवढंच. बाकी सगळं ठीक. वहिनींना नमस्कार सांगा. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमचा आज्ञेत राहणारा,
वायसन नसोलो

ता. क. : एक किरकोळ गोष्ट राहिली. पिशवी अर्धी झाली असताना भावनेच्या भरात मी सितोलोला तो आंबा देऊन टाकला. झाड, सावली, आणि कुंपण तीन पावलं अलीकडे. त्याने फक्त विचारलं की घरजावई, ते तुमचं आहे का. मी म्हटलं, पत्र लिहितो. तर झाड कुळाचं आहे याची मला पूर्ण जाणीव आहे, आणि कुळाचे प्रमुख या नात्याने आपण होकाराच्या दोन ओळी चिसालेच्याच हाती धाडाव्यात.

ता. क. २ : हे डोरिकाला माहीत नाही. तिला सांगू नये.

अचिम्वेने, दादा, मी डोरिका. पाकीट चिकटवायला माझ्याकडेच दिलं, म्हणून वाचलं. झाडाचं मी आणि सितोलोची बायको बघू, तुम्ही त्यात पडू नका. यांनी जे लिहायचं ते लिहिलंच नाही. एकवीस शुक्रवारी होतं. काल सोळा झालं. डॉक्टर म्हणते, गोळ्या लागू पडेपर्यंत आणखी एकदा रक्त द्यावं लागेल, आणि म्वाओनाकडून इतक्यात पुन्हा घेता येत नाही. तुमचा कुत्रा, जनरल, चालेल का ते मी तिला विचारून ठेवलंय, चालेल म्हणाली. नाताळात यांनी जनरलला सगळ्यांसमोर 'शेपूट असलेली म्हैस' म्हटलं होतं, म्हणून यांची मागायची हिंमत नाही. चार पानं लिहिली, पण ते नाव कागदावर येईना. मी मागते. मंगळवारच्या पहिल्या गाडीने या. जनरलला सकाळी खायला घालू नका आणि खिडकीशी बसवा, त्याला गाडी लागते. तुम्हालाही लागते, माझ्या लक्षात आहे. पण खिडकी त्याला द्या.