पंताला हात लावू नये

४ मार्च

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे ठीक म्हणायचं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मासे-बेडकांची उस्तवार करण्यात तुझी बावीस वर्षं गेली, म्हणून हे तुलाच विचारतो. आपला पोरगा जाऊन सहा महिने झाले. त्याने पाळलेला अॅक्सोलॉटल अजून आमच्याकडे आहे. पांढरा, पालीसारखा, पाण्यातच राहणारा, गळ्याशी गुलाबी झालरी आणि तोंडावर सदानकदा हसू. पोराने त्याचं नाव पंत ठेवलं होतं.

हा पंत तासन् तास कोपऱ्यात तोंड घालून दगडासारखा उभा असतो. मग एकदम वर उसळतो, पृष्ठभागावरची हवा गिळतो आणि खाली येतो. मध्येच जांभई दिल्यासारखा जबडा वासतो. आजारी आहे का?

तुला हसू येईल, पण माझा जीव टांगणीला लागलाय. तुझी वहिनी त्याच्या काचेच्या टाकीपुढून हलत नाही. त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून गोळी आणायला पोराला तिनेच पाठवलं आणि स्कूटर घसरली. तेव्हापासून ती दिवसाला चार शब्द बोलली तरी पुष्कळ. हा पंतही गेला तर ती माझ्या हातची जाईल, हे मला स्वच्छ दिसतंय.

मी पडलो लिफ्टचा मेकॅनिक. पुस्तिकेत लिहिलंय तेवढं करतो, नाही लिहिलं की हात बांधून उभा राहतो. तेव्हा सगळं नीट क्रमाने लिही. या दादावर माया आहेच, ती राहू दे.

तुझा,
दादा

११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

अरे बाबा, किती घाबरशील! माझ्या बाहुलीला ताप आला म्हणून डॉक्टरांकडे धावत निघालेला तूच तो. पंत ठणठणीत आहे. या प्राण्यांना कल्ले असतात तशी फुप्फुसंही असतात, म्हणून मधूनच हवेचा घोट घ्यावासा वाटतो. जांभईचंही काही नाही. तासन् तास गप्प उभं राहणं हा तर त्यांचा स्वभावच. दिसायला विचित्र, पण अपाय काही नाही.

आता तुझी पुस्तिका घे. एक, उजेड कमी ठेव. दोन, आजूबाजूला आदळआपट नको. तीन, खाणं समोर ठेवून बाजूला हो, घेईल तेव्हा घेईल. चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, हात लावू नकोस. त्यांची कातडी फार नाजूक असते, माणसाच्या हाताची ऊबसुद्धा त्यांना सोसत नाही. आमच्याकडे नवीन माणूस आला की पहिला धडा हाच, की बघायचं, लिहून ठेवायचं आणि हात मागे.

वहिनीला सांग, काळजी करू नको म्हणावं. मला लिहायला वेळ होत नाही म्हणून रागावू नकोस, जीव तुमच्यातच असतो.

तुझी,
छोटी

२ मे

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. रोज कामावर निघताना वाचतो. खिडकीला जाड चादर लावली. घरात अनवाणी चालतो, रेडिओ बंद केला.

पंताचं म्हणशील तर आता दिवस दिवस भिंतीकडे तोंड करून असतो. समोर ठेवून मी निघून गेलो तरच दोन घास घेतो. जवळ गेलो की डोळे मिटून घेतो. परवा फार वाटलं, जाऊन बसावं, पाठीवरून हात फिरवावा. अगदी दारापर्यंत गेलो. पण तू स्पष्ट लिहिलं आहेस, म्हणून माघारी फिरलो.

असं किती दिवस चालतं? तो आपणहून वळतो का? एवढं कळव. तुझ्याशिवाय विचारायला आहे कोण!

तुझा,
दादा

१० मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

परीक्षा चालू आहेत, डोकं वर काढायला फुरसत नाही, म्हणून दोनच ओळी. वळतो. धीर धर आणि आहे तसंच चालू ठेव. सविस्तर नंतर.

तुझी,
छोटी

२७ जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पत्रावरचा पत्ता बघून दचकाल. मी पंधरा दिवसांपूर्वी माझ्या बहिणीकडे आले. आता इथेच राहीन म्हणते. तुम्ही माझ्याशी कधी वाकडं वागला नाहीत, म्हणून तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी लिहिते.

यांनी मला भांडून घालवलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. पोराला मी पाठवलं, हे यांनी एकदाही बोलून दाखवलं नाही. पण मार्चपासून यांना माझं तोंड नकोसं झालं. खोलीत अंधार करून ठेवला. ताट ठेवायचे आणि पाठ फिरवून चालायला लागायचे. चोरपावलांनी घरभर फिरायचे, मी दिसू नये म्हणून. मी भिंतीकडे तोंड करून पडून असायचे आणि वाट बघायचे, की आज तरी येतील, खांद्यावर हात ठेवतील. दारापर्यंत यायचे. रडं दिसू नये म्हणून मी डोळे मिटायचे, आणि हे परत फिरायचे. तीन महिने, वन्सं. इतका राग मनात धरून एका घरात राहायचं तरी कसं?

मी निघाले तेव्हा पंत मजेत होता. समोर गांडूळ धरलं की झडप घालतो. त्याच्याबद्दल तक्रार करावी असं त्याने काही केलं नाही, त्याच्याकडे मात्र यांना लक्ष द्यायला सांगा. तुमची माया होती, ती मी विसरणार नाही.

तुमची,
वहिनी

३ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत वहिनीचं पत्र पाठवते. आधी ते वाच.

दादा, अॅक्सोलॉटलला पापण्या नसतात. तो डोळे मिटूच शकत नाही. तू ते लिहिलंस तेव्हा मी ती ओळ दोनदा वाचली. तू कुणाबद्दल विचारतोयस ते मला तिथेच कळलं होतं. पण विचारलं असतं तर सगळं टाकून तिकडे यावं लागलं असतं, आणि त्या घरात पाऊल टाकायचा मला धीर नव्हता. म्हणून परीक्षांचं निमित्त पुढे केलं. तुझ्या हातून झालं ते माझ्या अकलेने झालं. मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही.

तू आजच्या आज जा. तिच्याजवळ बस. तिचा हात धर. तिला सांग, की तुझा दोष नव्हता, मी घरी असतो तर मीही त्याला पाठवलं असतं. उशीर करू नकोस.

छोटी

९ जुलै

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं त्याच दिवशी गेलो. तिच्या बहिणीने बसायला सांगितलं आणि ती बाहेर आली. फार वाळली आहे. मी जवळ बसलो. हात धरला. तिने धरू दिला. मग म्हणालो, की तुझा दोष नव्हता, मी घरी असतो तर मीही त्याला पाठवलं असतं.

ती रडली गं. दहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मला वाटलं, देव पावला. मग डोळे पुसून माझ्याकडे बघत राहिली आणि तिने विचारलं, की हे तुमचं बोलणं आहे की वन्संचं.

मी तिच्याशी आजवर खोटं बोललेलो नाही. छोटीचं, म्हणून सांगितलं. ते पहिल्या दिवसापासून माझ्याही मनात होतं, फक्त बोलता येत नव्हतं, एवढं पुढे सांगायचं होतं. पण तोवर तिने माझा हात उचलून माझ्याच गुडघ्यावर ठेवला होता आणि ती आत गेली होती. तासभर बसलो. मग तिच्या बहिणीने दार उघडून धरलं.

तुझ्यावर राग नाही, मनाला लावून घेऊ नकोस. फक्त आता मी काय करावं, ते लिहू नकोस.

तुझा,
दादा